'माल्टाचा ज्यू': सुडाच्या आधीचे फर्मान

एलिझाबेथकालीन इंग्रजी सूडनाट्याची चर्चा बहुधा 'स्पॅनिश ट्रॅजेडी'पासून सुरू होते आणि 'हॅम्लेट'पाशी येऊन थांबते. आगरकरांच्या 'विकारविलसित' या 'हॅम्लेट'च्या भाषांतरामुळे मराठी वाचकही याच वाटेने या प्रकाराशी परिचित झाला. या दोन्ही नाटकांत सूड घेणारा आणि अपराधी एकाच धर्माचे आहेत. त्यामुळे पेच एवढाच उरतो, की गुन्हेगार राजघराण्यातलाच असेल तर न्याय कोणाकडे मागायचा. १५९० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या, इंग्रज नाटककार मार्लोच्या 'माल्टाचा ज्यू'मध्ये, ज्याच्या लंडनच्या रोझ नाट्यगृहातील प्रयोगाची नोंद फेब्रुवारी १५९२ पासून सापडते, या पेचात धर्म शिरला आणि त्याचे स्वरूपच पालटले.

ज्यूंना १२९० मध्येच इंग्लंडमधून हाकलण्यात आले होते. त्यामुळे प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी उघडपणे ज्यू म्हणून जगणारा माणूस कधी पाहिलेला नव्हता. त्यांना ठाऊक होता तो प्रवचनांतला आणि दंतकथांतला ज्यू. नायकाला बाराबस हे नाव देऊन, म्हणजे येशूऐवजी ज्याला सोडण्यात आले त्या गुन्हेगाराचे नाव देऊन, नाटककाराने हा पूर्वग्रह जणू आयताच वापरला.

तरीही सुडाचे मूळ नाटकात कोठे आहे, हे नीट वाचले पाहिजे. तुर्कांची दहा वर्षांची खंडणी थकली आहे आणि ती भरण्यासाठी भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाचा गव्हर्नर केवळ ज्यूंना बोलावून फर्मान वाचून दाखवतो: प्रत्येक ज्यूने आपली अर्धी मालमत्ता द्यावी, जो नाकारेल त्याने तत्काळ ख्रिस्ती व्हावे, तेही नाकारणाऱ्याचे सर्वस्व जप्त होईल. इतर ज्यू लगेच कबूल होतात. बाराबस आधी वाद घालतो, मग अर्धे द्यायला तयार होतो, पण त्याने एकदा नकार दिला असून आता तो मागे घेता येणार नाही, असे त्याला सांगितले जाते. त्याचे घर जोगिणींच्या मठासाठी घेतले जाते. एक सरदार त्याला ऐकवतो, की यात दोष आमचा नाही, तुझ्या जन्मजात पापाचा आहे. याहून विलक्षण गोष्ट पुढे घडते: स्पॅनिश नौदलाचा अधिकारी येऊन धीर देताच गव्हर्नर खंडणी देण्यास साफ नकार देतो, आणि तरीही जप्त केलेला पैसा परत केल्याचा शब्दही नाटकात येत नाही. इतिहासात तर माल्टाच्या सरदारांनी १५६५ चा तुर्की वेढा परतवून लावला होता, आणि १४९२ च्या स्पॅनिश हद्दपारीनंतर बाराबससारखा स्वतंत्र, धनाढ्य ज्यू व्यापारी त्या बेटावर असण्याचा संभवही फारसा नव्हता. खंडणी आणि फर्मान या दोन्ही गोष्टी रचलेल्या आहेत, म्हणजेच त्या मुद्दाम नाटकाच्या आरंभी ठेवलेल्या आहेत. पुढे बाराबस विषारी भाताने आख्खा मठ मारतो, त्यात त्याची स्वतःची मुलगीही मरते, आणि प्रेक्षक हे फर्मान विसरतो. समीक्षकही विसरतात, हे मात्र तितकेसे क्षम्य नाही.

दुसरा गुंता नाटकाच्या वर्गीकरणाचा आहे. मराठीत 'शोकांतिका' म्हटले की शेवटी शोक अपेक्षित असतो, पण उकळत्या कढईत पडून शिव्याशाप देत मरणाऱ्या बाराबससाठी रंगमंचावर कोणीही शोक करत नाही. गव्हर्नर तर स्वर्गाचे आभार मानतो. तरीही १५९४ च्या मुद्रणनोंदीत आणि उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या, म्हणजे १६३३ च्या छापील प्रतीत हे नाटक 'ट्रॅजेडी'च आहे. याउलट शेक्सपिअरचे 'व्हेनिसचा व्यापारी' १६२३ च्या संग्रहात सुखात्मिकांमध्ये छापले गेले, आणि त्यातील न्यायालयाच्या प्रवेशात ज्यू सावकार शायलॉकपुढे येणाऱ्या अटी पुन्हा त्याच आहेत: अर्धी मालमत्ता आणि धर्मांतर. माल्टात ज्याला फर्मान म्हटले, त्याला व्हेनिसमध्ये दया म्हटले जाते.

१५९४ मध्ये एलिझाबेथ राणीच्या ज्यू वंशाच्या पोर्तुगीज वैद्याला तिच्यावर विषप्रयोगाचा कट रचल्याच्या आरोपावरून जूनमध्ये टायबर्न येथे फाशी देण्यात आले. आपले येशूवर जितके प्रेम आहे तितकेच राणीवर आहे, असे तो वधस्तंभापाशी म्हणाला तेव्हा जमाव हसला, असे समकालीन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी 'माल्टाचा ज्यू'चे प्रयोग वारंवार झाले. १६०९ च्या एका पुस्तिकेत या ज्यूच्या नकली नाकाचा उल्लेख येतो, त्यावरून हे पात्र कसे रंगवले जात असावे याची कल्पना येते.

१८१८ मध्ये लंडनमध्ये नाटकाचे पुनरुज्जीवन झाले ते फेरफार करून, कारण चारच वर्षांपूर्वी शायलॉकला सहानुभूती मिळवून देणारा नटच बाराबस करत होता. १९१९ मध्ये एका कवी-समीक्षकाने हे नाटक शोकांतिका नसून प्रहसन असल्याचे मत मांडले आणि विसाव्या शतकातील बहुतेक दिग्दर्शकांनी तीच वाट धरली. १९६५ मध्ये स्ट्रॅटफर्डला तर एकाच नटाने बाराबस आणि शायलॉक या दोन्ही भूमिका केल्या. प्रहसन म्हटल्याने विषारी भाताचा प्रवेश पेलणे सोपे होते. पहिल्या अंकातल्या जप्तीचे काय करायचे, हे मात्र प्रत्येक दिग्दर्शकाला नव्याने ठरवावे लागते.