कौलारू छप्पर बदलणे (कोकण)

कौलारू छप्पर बदलणे म्हणजे राहत्या घराची जुनी कौले उतरवून, खालच्या लाकडी सांगाड्याचा निकामी भाग काढून, घर पुन्हा शाकारणे. कोकणात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले परतण्याचा आणि फुटकी कौले बदलण्याचा प्रघात आहे. पूर्ण छप्पर बदलण्याचे काम मात्र वाशांना (उतरत्या लाकडांना) बाक आला किंवा आढे, म्हणजे छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड, खचले की काढावे लागते.

काम सहसा शिमग्यानंतर सुरू करतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो आणि मे महिन्यात वळीव कधीही कोसळतो, म्हणून ताडपत्री पहिल्या दिवसापासून हाताशी असावी. धान्य, कपडे, देवघर व विजेची उपकरणे आधीच हलवावीत, कारण कौले निघू लागताच माळ्यावरची वर्षानुवर्षांची धूळ, काजळी आणि उंदरांची घरटी खाली येतात. कौले दोन्ही पाख्यांवरून, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरून, सारखीच उतरवावी लागतात. एकच पाखे मोकळे केले तर भार एकीकडे झुकून जुना सांगाडा कलण्याची भीती असते.

खर्चाचा खरा अंदाज कौले उतरल्यावरच येतो, आणि घरमालकाने मनाची तयारी ठेवावी ती याचसाठी. वरून धडधाकट दिसणारा वासा जांभ्याच्या भिंतीवर टेकतो तिथे वाळवीने पोखरलेला असतो. टोकाशी पटाशी (सुताराची छिन्नी) दाबली की ती भुशात जावी तशी आत शिरते. अशा वेळी सुताराने सुचवलेली वाढीव लाकडे नाकारून फक्त कौले नवी घालणे ही खोटी काटकसर होय. मंगलोरी कौलांचा भार प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ३५ ते ४० किलो असतो, आणि भिजल्यावर तो आणखी वाढतो. साग, ऐन किंवा किंजळ परवडत नसल्यास हल्ली लोखंडी चौकोनी पाइप वापरतात, मात्र खाऱ्या हवेत ते गंजतात, म्हणून रंगाचा खर्च पुढेही राहतोच.

मंगळूरला बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे या एकमेकांत अडकणाऱ्या कौलांनी कोकणातील नळीची (अर्धगोल) कौले बव्हंशी मागे सारली. जुनी कौले सरसकट टाकू नयेत. बोटाने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारे कौल शेवाळ खरवडून पुन्हा चढवता येते. बद्द आवाजाचे बाजूला काढावे. रिपांमधील, म्हणजे कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधील, अंतर कौलाच्या मापाप्रमाणेच धरावे लागते, म्हणून नव्या कारखान्याची कौले घेताना जुन्याशी माप जुळते का, हे आधी चार कौले लावून पाहावे. शाकारणी वळचणीपासून (छपराच्या खालच्या कडेपासून) आढ्याकडे होते.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील असंख्य घरांची छपरे उडाली. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या घरांत वळचणीची व कडेची कौले तारेने रिपांना बांधून घेणे अगत्याचे आहे. दोन पाखी मिळतात त्या पन्हळीतील पत्राही याच वेळी बदलावा, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते. मजुरीची काही रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवले, तर गळणारी कौले सरकवायला कारागीर पुन्हा येतात.