सॅक्सन की नॉर्मन? नुसती गोल कमान पाहून ठरवू नका

इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या चर्चमध्ये गोल कमान दिसली की बहुतेक जण ‘नॉर्मन’ म्हणून मोकळे होतात. पण १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले सॅक्सन, म्हणजे त्याआधी इंग्लंडवर राज्य करणाऱ्या लोकांचे, गवंडी गोल कमानीच बांधत होते. टोकदार गॉथिक कमान रुळली ती १२व्या शतकाच्या उत्तरार्धापासून. म्हणजे या दोघांमधला निवाडा कमानीच्या आकारावरून होत नाही.

आधी कोपरा बघावा. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टन गावच्या चर्चचा मनोरा १०व्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या कोपऱ्यांवर एक लांब दगड उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा, अशी रचना चढत जाते. सॅक्सन कामाची याहून भरवशाची खूण मला माहीत नाही. भिंतींवर दगडी पट्ट्यांची नक्षी आहे: उभ्या, तिरप्या, मध्येच अर्धगोल. घंटेच्या मजल्यावरच्या झरोक्यांत लाटण्यासारखे मध्ये फुगलेले आखूड खांब. इतर काही सॅक्सन मनोऱ्यांत तर झरोक्यांवर कमानच नाही, दोन दगड एकमेकांना तिरके टेकवून त्रिकोण केलेला. अर्ल्स बार्टनचा वरचा दंतुर कठडा मात्र बराच नंतरचा, त्यावरून काळ ठरवू नये.

नॉर्मन गवंड्यांची भिंत सहसा जास्त जाड असते. त्या जाडीमुळे दाराची कमान एकात एक अशा कड्यांनी आत सरकत जाते आणि प्रत्येक कड्यावर नक्षीला जागा मिळते. हेरेफर्डशरमधलं किलपेक गावचं चर्च, साधारण ११४० चं, यासाठी पाहावंच. तांबूस वालुकाश्माच्या दक्षिण दारावर वेलीचा शिल्पपट, बाजूच्या खांबांवर साप आणि योद्धे, छताखालच्या तोड्यांवर कुत्रा, ससा, चित्रविचित्र मुखवटे. इतर नॉर्मन दारांवर बहुधा नागमोडी पट्टा ठळक दिसतो. ऑक्सफर्डजवळच्या इफ्लीच्या चर्चमध्ये तो भरभरून आहे.

तरीही १०६६ ही काही भिंतीवरची रेघ नव्हे. राज्य बदललं, गवंडी तेच राहिले, त्यामुळे ११व्या शतकाच्या अखेरच्या कित्येक चर्चमध्ये दोन्ही पद्धती मिसळलेल्या आढळतात. खुद्द किलपेकमध्येही नेव्हच्या (चर्चच्या मुख्य दालनाच्या) ईशान्य कोपऱ्यात आधीच्या सॅक्सन भिंतीचा तुकडा शिल्लक आहे.