नत्र देणारे घडवलेले जिवाणू

हवेतला नत्र पकडून पिकाला द्यायचं काम मातीतले काही जिवाणू मुळातच करतात, पण रानात युरिया पडला की ते थांबतात. त्यांच्या जनुकांत काटछाट करून हे थांबणं बंद करायचं, म्हणजे खत टाकलेल्या रानातही ते नत्र बनवत राहतील, याला नत्रासाठी जिवाणू घडवणं म्हणतात. अमेरिकेत मक्यासाठी असे जिवाणू २०१९ पासून विकले जातात. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या 'कल्चर'च्या बाटल्या मात्र नैसर्गिक जिवाणूंच्या असतात, हा फरक आधीच सांगितलेला बरा, कारण बोलताना लोक दोन्ही एकत्र करतात.

हवेत ७८ टक्के नत्रच आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की उसाला त्यातलं कणभरही थेट घेता येत नाही. कारखान्यात ही जोडी तोडायला ४०० ते ५०० अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो, १९१३ पासून जगातलं नत्रखत असंच बनतंय. जिवाणू तेच काम साध्या मातीच्या तापमानाला नायट्रोजिनेज नावाच्या एन्झाइमनं करतो, पण फुकट नाही. नत्राच्या एका रेणूमागं एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या इंधनाचे, १६ रेणू खर्ची पडतात, त्यासाठी लागणारी साखर मुळातून नाहीतर कुजणाऱ्या पाचटातून मिळवावी लागते, आणि ऑक्सिजनचा स्पर्श झाला की एन्झाइम निकामी होतं ते वेगळंच.

एवढं महाग काम असल्यानं जिवाणूनं स्वतःला एक बटण ठेवलंय. क्लेबसिएला, अझोटोबॅक्टर या जिवाणूंच्यात निफ-ए नावाचं प्रथिन नत्र बनवणारी जनुकं चालू करतं, आणि निफ-एल नावाचं दुसरं त्याच्या मानगुटीवर बसलेलं असतं. आजूबाजूला अमोनिया भरपूर आहे असं कळलं की निफ-एल निफ-ए ला दाबून धरतं, काम बंद. ही गोष्ट शेतकऱ्याला कुणी धड सांगतच नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. भरणीला पोत्यावर पोतं युरिया द्यायचा, त्याच आठवड्यात ड्रिपमधून अझोटोबॅक्टर सोडायचा आणि मग कल्चरनं काय फरक पडला नाही म्हणायचं, तर त्यात जिवाणूची काय चूक, आयतं ताट समोर आल्यावर तो चूल कशाला पेटवेल.

घडवलेल्या जिवाणूत नेमकं हेच बटण काढलेलं असतं. पिव्होट बायो या अमेरिकन कंपनीनं क्लेबसिएला वेरिकोला हा मुळाशी राहणारा जिवाणू घेतला, निफ-एलचं जनुक काढलं, निफ-ए च्या पुढं त्याच जिवाणूचा असा प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा) जोडला जो नत्र असला तरी चालू राहतो, आणि तयार झालेला अमोनिया त्यानं स्वतःच कमी जिरवावा अशीही एक दुरुस्ती केली. बाहेरच्या जीवाचं जनुक यात घातलेलं नाही. पुढं त्यांनी जोडीला दुसरा जिवाणू घेतला, कोसाकोनिया सॅकराय, आणि ही जात पहिल्यांदा ओळखली गेली ती चीनमध्ये उसातून! ऊसवाल्यांनी या विषयाकडं लक्ष ठेवावं ते यासाठी.

आता हिशोब. कंपनीचा दावा एकरी ४० पौंडांपर्यंत नत्र वाचण्याचा आहे, म्हणजे १८ किलो. युरियात ४६ टक्के नत्र, ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो, म्हणजे दावा पूर्ण खरा धरला तरी एक पोतंसुद्धा भरत नाही. आपल्याकडं आडसाली (दीड वर्षाच्या) उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, एकरी १६०, म्हणजे पावणेआठ पोती, आणि प्रत्यक्षात लोक त्याच्याही वर जातात. शिवाय २०२३ मध्ये अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या विद्यापीठांनी नत्र देणाऱ्या अशा विकतच्या जिवाणूंच्या (घडवलेले आणि नैसर्गिक दोन्ही) ६१ चाचण्या एकत्र मांडल्या, त्यात उत्पादन वाढल्याचं दिसलं फक्त २ ठिकाणी. विज्ञान पक्कं आहे, रानातला फायदा अजून पक्का नाही, माझं मत तरी हेच.

उसाचा स्वतःचा जिवाणू म्हणजे अ‍ॅसेटोबॅक्टर, आताचं नाव ग्लुकोनअ‍ॅसेटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांच्या प्रयोगशाळेतून तो जगासमोर आला. हा मातीत कमी आणि उसाच्या आतच जास्त राहतो, साखर आणि आंबटपणा त्याला चालतो, नायट्रेटनं त्याचं काम फारसं अडत नाही, पण नत्र जास्त दिलेल्या उसात त्याची संख्या घटते हे तपासून झालंय. राहुरी विद्यापीठाची शिफारस अशी की हेक्टरला १० किलो अ‍ॅसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात कालवायचे, टिपरी (उसाचे लावायचे तुकडे) अर्धा तास बुडवून लावायची आणि नत्र निम्म्यानं कमी करायचं. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी, जिवाणूची नंतर, उलटं केलं तर जिवाणू मेलेच. लागणीच्या घाईत बायामाणसं रांगेनं सरीत उभी असतात, मालक 'चला चला' करत असतो आणि अर्धा तासाची पाच मिनिटं होतात, बॅरलमधून टिपरी वर काढली तर कापाच्या तोंडाशी पांढरट पाणी नुसतं चाटून गेलेलं असतं. मग निम्मं नत्र कमी करायचा धीर कुणाला होणार.

जिवाणूचं काम डोळ्यानं बघायचं तर सोयाबीन. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राचं फुले संगम हे वाण आपल्याकडं भरपूर असतं, फुलात असताना वाफशावर एक झाड मातीसकट उपटायचं, मुळावरची गाठ नखानं फोडायची. आत लालसर गुलाबी दिसली तर काम चालू आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा नातेवाईक, ऑक्सिजनला धरून ठेवायला. पांढरी किंवा हिरवट निघाली तर गाठ असून नसल्यासारखी. मक्यात, उसात अशी गाठच नाही, जिवाणू मुळाभोवती नाहीतर पेऱ्यात मोकळे फिरतात, म्हणून तिथं त्यांच्याकडून काम करून घेणं इतकं अवघड.

आणि जिवाणू जिवंत तर पाहिजेत. सरकारी मानकात द्रवरूप कल्चरमध्ये मिलीलिटरला किमान १० कोटी जिवाणू असायला हवेत. मी एकदा एप्रिलात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बाटली दुकानातून घेऊन आलो, हाताला चटका बसेल इतकी गरम, झाकण उघडलं तर सडका वास, तरी पैसे दिलेत म्हणून सोडलं. तसलं पाणी सोडण्यापेक्षा एकरभर पाचट न जाळता ठेवलेलं केव्हाही चांगलं, मातीतल्या जिवाणूंना खायला तरी मिळतं.

भारतात घडवलेला जिवाणू रानात सोडायचा तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागतात आणि केंद्राच्या जीईएसी (जनुकीय बदल केलेल्या जिवांची तपासणी करणाऱ्या) समितीची परवानगी घ्यावी लागते. मार्च २०२२ मध्ये जनुक-संपादनाच्या काही प्रकारांना यातून सूट मिळाली, पण ती वनस्पतींना, जिवाणूंना नाही, त्यामुळं परदेशातून कुणी असली बाटली आणून कृष्णाकाठच्या रानात सोडली तर ते कायद्यात बसत नाही.