हायड्रॉलिक क्लच : गिअरबॉक्स बदलल्यानंतरचे दोष

जुन्या मोटारीत नव्या पिढीचा गिअरबॉक्स बसवल्यावर क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-सोडणारा भाग) नीट न सुटणे, ही सर्वाधिक आढळणारी तक्रार. इंग्लंडच्या अ‍ॅबिंग्डन कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार याचे परिचित उदाहरण. तिच्या चार-गिअरी पेटीच्या (गिअरबॉक्सच्या) जागी फोर्ड सिएरातील पाच-गिअरी ‘टाइप ९’ बसवण्याची पद्धत रूढ आहे. सिएरात ही पेटी केबलच्या क्लचने चाले. एमजीबीचा क्लच मात्र तेलाच्या दाबावर चालतो. मेळ बसवायचा असतो तो इथेच.

पेडल दाबले की पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधले तेल, क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलले जाते. दोन्हींच्या व्यासांवरून स्लेव्हची सरक, म्हणजे त्याचा दट्ट्या किती अंतर सरकतो ते, ठरते. मास्टर पाऊण इंची आणि स्लेव्ह सव्वा इंची असेल, तर क्षेत्रफळांचे प्रमाण सुमारे २.८ पट येते. मास्टरचा दट्ट्या ३६ मिमी सरकला, तरी स्लेव्हचा जेमतेम १३ मिमी सरकतो. स्लेव्ह एक इंची घेतला की हीच सरक २० मिमीवर जाते, पण पेडल जड होते. नव्या रिलीज फोर्कला (स्लेव्हच्या दांड्याने ढकलला जाऊन क्लच सोडवणाऱ्या दांडीला) किती सरक लागते हे न पाहता जुनाच स्लेव्ह जोडला, तर तेलातली हवा कितीही वेळा काढली तरी गिअर पडत नाही.

म्हणून पेटी उतरवण्याआधी स्लेव्हच्या दांड्याची सरक मोजावीच. एमजीबीत तर पेटी काढायची म्हणजे बहुधा इंजिनासकट बाहेर घ्यावी लागते. सरक कमी भरली आणि पेडल भराभर दाबल्यावर वाढली, तर हवेचा संशय घ्यावा. स्लेव्हची दिशा बदलल्याने ब्लीड निपल (हवा बाहेर काढण्याचे तोंड) खाली गेला असेल, तर हवा वरच्या बाजूला अडकून राहते. अशा वेळी स्लेव्ह सोडून, निपल वर धरून हवा काढावी. पेडल दाबून धरल्यावर क्लच हळूहळू परत लागत असेल, तर मास्टरचे रबर सील झिजलेले असण्याची शक्यता जास्त. जुना रबरी होज दाबाखाली फुगत असेल, तरीही सरक घटते.

सरक पुरेशी असूनही रिव्हर्स करकरत असेल, तर दोष बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेच्या आकाराच्या कवचाच्या) आत असतो : क्लच प्लेट उलटी बसलेली, फोर्डच्या स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या खाचांवर) ती अडखळणारी, किंवा पेटीत शिरणाऱ्या इनपुट शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टच्या बुशमध्ये आवळलेले. रिव्हर्सला बहुधा सिंक्रोमेश (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी यंत्रणा) नसल्याने अर्धवट सुटलेला क्लच तिथे लगेच उघडा पडतो.

उलट तक्रार क्लच घसरण्याची, म्हणजे पूर्ण पकड न घेण्याची. पेडल सोडल्यावर मास्टरचा दट्ट्या पूर्ण मागे आला नाही, तर तेल टाकीत परतण्याचे बारीक भोक झाकलेलेच राहते. इंजिनाच्या उष्णतेने तेल प्रसरण पावते आणि क्लच थोडा दाबलेलाच राहतो. पेडलच्या दांड्याला किंचित मोकळीक ठेवली की हा दोष जातो.

गिअरबॉक्स बदलण्याच्या काही संचांत शाफ्टभोवती बसणारा वर्तुळाकार स्लेव्ह असतो. त्याचा दट्ट्या मर्यादेबाहेर गेला, तर सील निसटून तेल थेट क्लचवर सांडते. अशा जोडणीत पेडलला थांबा बसवणे अत्यावश्यक आहे.