एजेई : गुप्तचर खात्यातून न्यायासनाकडे

‘‘सर, हा माणूस आधी गुप्तचर मंत्री होता म्हणे. मग त्याले सरन्यायाधीश कसं काय बसवते जी?’’ आकाशवाणी चौकाजवळच्या आमच्या कोर्टात, चहाच्या टपरीवर एका ज्युनिअरने विचारलं. विषय होता इराणच्या न्यायव्यवस्थेचे प्रमुख म्हणून नेमले गेलेले गुलामहुसेन मोहसेनी एजेई.

आपल्याकडे वकिली किंवा न्यायिक सेवा, याच वाटेने माणूस हायकोर्टात पोचतो. इराणची वाट वेगळी, आणि ती कायद्यानेच आखलेली आहे. तिथलं गुप्तचर मंत्रालय १९८३ च्या कायद्याने उभं राहिलं. मंत्री मुज्तहिद हवा, म्हणजे धर्मग्रंथांतून स्वतः निवाडा काढण्याची योग्यता असलेला मौलवी हवा, अशी त्यात अट आहे. राज्यघटनेच्या १५७ व्या कलमात न्यायव्यवस्थेच्या प्रमुखासाठीही तीच अट. दोन्ही खुर्च्यांना एकच पात्रता, त्यामुळे माणसंही तीच फिरतात. पहिले गुप्तचर मंत्री रेशहरी आधी लष्करी क्रांती न्यायालयाचे न्यायाधीश होते, नंतर महाअभियोक्ता, म्हणजे देशाचे सर्वोच्च सरकारी वकील झाले. दोर्री-नजफाबादी यांनी १९९९ मध्ये गुप्तचर मंत्रिपद सोडलं, त्यांच्याच खात्यातल्या लोकांनी लेखक-विचारवंतांचे खून पाडल्याचं उघड झालं म्हणून. पुढे तेही महाअभियोक्ता!

एजेई याच मुशीतले. जन्म १९५६ चा, इस्फहान प्रांतातला. शिक्षण कोम शहरातल्या हक्कानी मदरशात (अफगाण सीमेवरच्या हक्कानींशी याचा संबंध नाही). या एका मदरशाने इराणला किती गुप्तचर मंत्री आणि न्यायाधीश दिले, ते मोजायला बसलं तर टपरीवरचा चहा थंड होईल. १९८० च्या दशकातच ते न्यायखात्याचे प्रतिनिधी म्हणून गुप्तचर मंत्रालयात बसत होते.

देशाला त्यांचा चेहरा दिसला तो १९९८ मध्ये. तेहरानचे महापौर करबास्ची यांच्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालला आणि तो टीव्हीवर दाखवला गेला. फ्रान्समध्ये विश्वचषक रंगला होता, तरी लोक हा खटलाही पाहत. कारण साधं होतं. १९९४ च्या एका कायद्याने अभियोक्त्याचं कार्यालयच बंद झालेलं, म्हणून तपास करणारा, आरोप ठेवणारा आणि निकाल देणारा एकच : न्यायाधीश. आरोपी महापौर जो वाद घालत होते, तो थेट न्यायासनावरच्या एजेईंशी. शिक्षा पाच वर्षांची झाली, अपिलात दोनवर आली. अभियोक्ता कार्यालयं २००२ मध्ये परत आणावी लागली.

२००५ ते २००९ एजेई राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांचे गुप्तचर मंत्री. उपाध्यक्षाच्या नेमणुकीवरून खटका उडाला आणि जुलै २००९ मध्ये त्यांना काढलं. पुढच्याच महिन्यात ते महाअभियोक्ता! आणि जागा कुणाची? दोर्री-नजफाबादींची. त्या वर्षीच्या निवडणुकीनंतरच्या दडपशाहीबद्दल अमेरिकेने २०१० मध्ये आणि युरोपीय संघाने २०११ मध्ये एजेईंवर निर्बंध लादले. घरी बढतीला त्याची आडकाठी झाली नाही. २०१४ मध्ये ते न्यायखात्यात दुसऱ्या क्रमांकावर आले. न्यायव्यवस्थेचे तेव्हाचे प्रमुख रईसी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि १ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च नेते खामेनेईंनी एजेईंना त्यांच्या जागी पाच वर्षांसाठी नेमलं.

ज्युनिअरला हे सगळं अजब वाटलं. पण नागपुरातही इंग्रजांच्या काळी डेप्युटी कमिशनर हाच जिल्ह्याचा मुख्य दंडाधिकारी असायचा. वसुली त्याची, पोलिसांवर वचक त्याचा, शिक्षाही तोच सुनावणार. न्याय आणि प्रशासन वेगळं करा, असं आपल्या घटनेच्या ५० व्या कलमाला सांगावं लागलं ते त्यामुळेच. ते पुरतं झालंय असंही नाही. शहरात तडीपारीचा आदेश डीसीपी काढतात, आणि चॅप्टर केस (शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई) चालते ती पोलिसांच्याच एसीपीपुढे.

ज्युनिअरने घड्याळ पाहिलं. दुपारी त्याची तारीख होती. चॅप्टर केसचीच, एसीपी साहेबांपुढे.