फ्लूचा व्हायरस घशात, मग पाय का दुखतात?

फ्लू झाला की पाठ-पिंढऱ्या नुसत्या ठणकतात, पण गंमत म्हणजे व्हायरस सहसा तिकडे फिरकतच नाही. त्याचा सगळा उद्योग नाक, घसा आणि श्वासनलिकेत.

त्याच्या अंगावरचं एच प्रथिन आपल्या पेशीवरच्या सियालिक अ‍ॅसिड नावाच्या साखरेला चिकटतं, पेशी त्याला पिशवीत गुंडाळून आत ओढते, पिशवी नेहमीसारखी आम्लधर्मी व्हायला लागते आणि त्या आम्लानेच एचचा आकार बदलतो, व्हायरसचं आणि पिशवीचं आवरण जुळतं आणि व्हायरसच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकांचे, ८ तुकडे आत सुटतात. बहुतेक आरएनए व्हायरस केंद्रकात न शिरताच काम उरकतात, हा मात्र थेट आत जातो, चोरी करायला. आपल्या मेसेंजर आरएनएच्या (जनुकाचा निरोप नेणारी प्रत) टोकाला एक टोपी असते, रायबोसोमला (पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र) प्रथिन बनवायला घेताना तीच खूण लागते. व्हायरसचं एन्झाइम ती टोपी, मागच्या १०-१३ अक्षरांसकट, सरळ कापून स्वतःच्या आरएनएला लावतं. मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो, इतका निर्लज्जपणा!

व्हायरसच्या आरएनएची कॉपी करताना चुका भरपूर होतात, तपासणारं कोणी नाही, म्हणून व्हायरस बदलत राहतो आणि लस दरवर्षी तपासून गरजेप्रमाणे बदलावी लागते. शिवाय एकाच पेशीत दोन जातीचे फ्लू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. २००९ मध्ये पुण्यात शाळा बंद पाडणारा एच१एन१ (स्वाइन फ्लू) असाच जुळून आलेला, त्यात डुक्कर, पक्षी, माणूस तिघांच्या फ्लूचे तुकडे होते.

नवे व्हायरस बाहेर पडताना पेशीलाच चिकटून बसतात, त्यांच्या अंगावरचं दुसरं प्रथिन, एन, ते सियालिक अ‍ॅसिड कापून त्यांना मोकळं करतं. टॅमीफ्लू हे औषध या एनलाच अडवतं, म्हणून ते पहिल्या ४८ तासांत घेतलं तर जास्त उपयोगी.

आता पाय. पेशींना घुसखोरी कळली की इंटरफेरॉन आणि बाकीचे सायटोकाइन, म्हणजे धोक्याचा निरोप देणारी प्रथिनं, सुटतात, ते रक्तातून अंगभर फिरतात, ताप, थंडी, अंगदुखी बहुतांशी त्यांचीच, म्हणजे आपल्याच फौजेची. व्हायरसने केलेलं नुकसान वेगळंच, श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारे बारीक केस असलेल्या पेशी मरतात, ते अस्तर भरून यायला वेळ लागतो म्हणून ताप गेला तरी खोकला रेंगाळतो. आणि त्या उघड्या जागेवर न्यूमोकॉकससारखे बॅक्टेरिया बसतात आणि न्यूमोनिया करतात. १९१८ च्या साथीतले बहुसंख्य मृत्यू याच न्यूमोनियाने झाले, तेव्हा अँटिबायोटिक नव्हतीच. त्यामुळे बरं वाटायला लागल्यावर ताप परत चढला आणि धाप लागली तर फ्लूच लांबलाय म्हणून घरी काढा पीत बसू नका, डॉक्टरकडे जा.