माळ्यावरची जुनी दुर्बीण: आमच्याकडे आणण्याआधी घरीच पाहून घ्या

मे महिन्यात घराची साफसफाई निघाली की माळ्यावरून दुर्बिणी खाली उतरतात आणि पाऊस लागायच्या आत आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात. कुणाच्या आजोबांनी बोटीवरच्या नोकरीतून आणलेली, कुणाच्या मामांनी दुबईहून येताना घेतलेली, कुणी जुन्या बाजारात घासाघीस करून मिळवलेली. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच, "हिची काही किंमत आहे का?" त्याचं उत्तर घरबसल्या कसं काढायचं, ते या पत्रकात सांगितलं आहे. त्यासाठी मोबाइलचा टॉर्च, एक पट्टी आणि लांबची एखादी आडवी तार किंवा गच्चीचा कठडा एवढं पुरतं.

नावाने सुरुवात करू नका

टास्को आणि बुशनेल ही नावं आमच्याकडे वरचेवर येतात. टास्को ही अमेरिकेत मायामीला १९५४ साली सुरू झालेली आयातदार कंपनी. बुशनेलची सुरुवात १९४८ची. तीही जपानी दुर्बिणी अमेरिकेत आणून आपल्या नावाने विकू लागली. म्हणजे दुर्बिणीवर नाव विकणाऱ्याचं आणि माल मात्र वेगवेगळ्या कारखान्यांतला. म्हणून एकाच नावाच्या दोन दुर्बिणींत एक मनापासून बनवलेली निघते आणि दुसरी अगदीच सुमार. टास्को २००२ साली बंद पडली आणि ते नाव बुशनेलने घेतलं. त्यामुळे त्यानंतरच्या टास्कोचा १९६५ सालच्या टास्कोशी नावापलीकडे संबंध जोडू नका.

नावापेक्षा खुणा बोलतात. जुन्या जपानी दुर्बिणीच्या बिजागरीजवळ बारीक अक्षरांत जे-बी आणि पुढे एखादा आकडा कोरलेला असतो. तिचा सांगाडा ज्या कारखान्यात तयार झाला, त्याची ती खूण. निर्यातीची तपासणी झाली की 'पास्ड' लिहिलेला छोटा लंबगोल कागद चिकटवत. तो अजून शाबूत असेल तर खरडून काढू नका. टेंटो हे रशियन निर्यातीचं नाव. या दुर्बिणी वजनाला जड आणि चित्र किंचित पिवळसर दाखवणाऱ्या, पण पुष्कळदा आतून उत्तम असतात. पिवळेपणा हा तिथल्या काचेचा आणि काचेवरच्या लेपाचा गुण, बिघाड नव्हे. पूर्व जर्मनीची येनॉप्टेम ८×३० कुणाकडे निघाली, तर मात्र ती आधी आम्हाला दाखवा आणि मगच विकण्याचा विचार करा. कार्ल झाइस येना या तिथल्या नामांकित कारखान्याच्या स्वस्त मालिकेतली ती दुर्बीण. हजार मीटरवर दीडशे मीटर रुंदीचं दृश्य दाखवते, आणि आजही हातात घेतली की खाली ठेववत नाही.

आकडे खरे आहेत का?

८×३० म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ३० मिलिमीटर. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या गोळ्याचा व्यास मिळतो. १०×५०ला ५ मिलिमीटर, ८×३०ला पावणेचार, २०×५०ला जेमतेम अडीच.

आता दुर्बीण हातभर लांब धरा आणि उजळ आकाशाकडे रोखा. सूर्याकडे चुकूनही नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. डोळ्याकडच्या भिंगात एक लख्ख ठिपका दिसेल. त्यावर पट्टी धरून मोजा. १०×५०मध्ये तो ५ऐवजी ४ भरला, तर आत कुठेतरी प्रकाश अडवलेला आहे. पैसे ५० मिलिमीटरचे गेले आणि काम ४०चं चाललं आहे. स्वस्त मालातली ही सर्वांत जुनी लबाडी, आणि ती पकडायला कुठलंही यंत्र लागत नाही.

ठिपक्याचा आकारही पाहा. पूर्ण गोल असेल तर आतले लोलक (प्रकाश वळवणारे काचेचे तुकडे) बेरियमच्या भारी काचेचे किंवा पुरेसे मोठे आहेत. कडा चौकोनी आणि करड्या दिसल्या तर लोलक साध्या बोरोसिलिकेट काचेचे. नंतरच्या बऱ्याच जाहिरातींनी लोकांना याचा फार धसका घ्यायला लावला. आमचं मत वेगळं आहे. भर उन्हात तुमच्या डोळ्याची बाहुली दोन-अडीच मिलिमीटरची होते, तेव्हा त्या करड्या कडा डोळ्यात शिरतच नाहीत. संध्याकाळी तळ्यावर बदकं पाहायची असतील किंवा रात्री आकाश न्याहाळायचं असेल, तेव्हा मात्र फरक पडतो.

भिंगांवरचा लेप

ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात पाहा. एकामागे एक अशी बरीच प्रतिबिंबं दिसतील. निळी-जांभळी असतील तर लेप आहे. पांढरी असतील तर काच उघडी आहे. निळ्यांच्या मधे एखादं पांढरं डोकावलं, तर बाहेरच्या काचेला लेप दिला आणि आतली तशीच सोडली, असं समजा. यात काटकसर केली की नुकसान मोठं होतं. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या दुर्बिणीच्या एका नळीत असे दहाएक पृष्ठभाग असतात. म्हणजे तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच गळतो, आणि त्यातला काही आत भरकटून चित्रावर धुकं पसरवतो. साधा निळा लेप सगळीकडे असेल तर ही गळती निम्म्याहून कमी होते.

माणकासारखी लालभडक भिंगं दिसायला झोकदार असतात. तो लेप लाल प्रकाश परतवून लावतो, म्हणून चित्र हिरवट-निळसर दिसतं. पक्ष्यांचे रंग पाहायचे असतील तर अशी दुर्बीण घेऊ नका. 'दहा ते नव्वदपट' अशा झूमच्या दुर्बिणींबद्दलही आमचा सल्ला हाच. नव्वदपट मोठं केलेलं चित्र हातात स्थिर राहत नाही आणि उजेडही पुरत नाही.

डोकं का दुखतं?

हा भाग कृपया घाई न करता वाचा. "मला दुर्बीण सोसत नाही, डोकं दुखतं," असं सांगणारी कितीतरी माणसं आम्हाला भेटली आहेत. दोष आपल्या डोळ्यांत आहे, असं ती वर्षानुवर्षं धरून चालतात. बहुतेक वेळा दोष दुर्बिणीत असतो. ती कधीतरी हातातून पडते, आतला लोलक केसभर सरकतो आणि दोन्ही नळ्यांचा मेळ जातो. मेंदू दोन चित्रं ओढूनताणून एक करतो. पाच मिनिटं ते निभतं, मग कपाळ ठणकू लागतं. डोळे आत वळायला सरावलेले असतात, पण एक वर आणि एक खाली असं त्यांना पाहता येत नाही. म्हणून वर-खालीचा फरक सर्वांत वाईट.

तपासायचं असं. दुर्बीण कठड्यावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवा आणि लांबच्या विजेच्या तारेवर रोखा. पाहता पाहता डोळे वीतभर मागे घ्या. दोन्ही गोलांत तार एकाच उंचीवरून जायला हवी. एका गोलात ती वर आणि दुसऱ्यात खाली दिसली, तर मेळ बिघडला आहे. घरी स्क्रू फिरवून पाहू नका. काही दुर्बिणींत लोलकाचे बारीक स्क्रू चामड्याखाली लपलेले असतात, काहींत पुढच्या भिंगाभोवतीची कडी फिरवून मेळ बसवतात. अंदाजाने फिरवलं की बिघाड दुप्पट होतो आणि आमचं कामही. मेळ बसवणं हे आमचं रोजचं काम आहे. तेवढाच दोष असलेली दुर्बीण दुरुस्त करून घ्यावी, असं आम्ही निःशंक सांगतो.

बुरशी

आपल्याकडच्या पावसाळ्याने जेवढ्या दुर्बिणी मारल्या, तेवढ्या पडून फुटल्या नसतील. पुढच्या भिंगातून टॉर्च मारा आणि डोळ्याच्या बाजूने तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे. एकसारखा दुधट पडदा दिसला तर बहुधा जुन्या वंगणाची वाफ काचेवर बसली आहे, ती पुसून निघते. बुरशी असेल तर मात्र लवकर आलात तरच उपयोग. तिच्यातून निघणारं आम्ल लेप खातं आणि नंतर काचही. साफ केल्यावरही जाळ्याची नक्षी तशीच उरते. भिंगाच्या कडेला इंद्रधनुष्यी रंगांची चकती दिसत असेल, तर दोन काचा जोडणारा डिंक सुटला आहे. स्वस्त दुर्बिणीत त्याचा खर्च परवडत नाही.

रायफलवरच्या दुर्बिणी

काही ग्राहक छर्‍याच्या बंदुकीवरच्या जुन्या दुर्बिणी आणतात. लेप, बुरशी आणि प्रकाशाच्या ठिपक्याची तपासणी त्यांनाही लागू. मात्र दोन गोष्टी वेगळ्या. मोठ्या रायफलसाठी केलेली दुर्बीण साधारण शंभर यार्डांवर जुळवलेली असते. दहा मीटरवर डोळा जरा हलला की आतली नेम धरायची फुली निशाणावरून सरकते. दुसरं, स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. मागच्याच झटक्यासाठी बनवलेली चांगली दुर्बीणही त्यात खिळखिळी होते. जुनी दुर्बीण अशा बंदुकीवर चढवण्याआधी विचारून घ्या. आम्ही त्यांची फक्त तपासणी आणि काचेची सफाई करतो, बंदुकीवर बसवून देत नाही.

आम्ही केव्हा नको म्हणतो

दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या चांगल्या दुर्बिणीच्या निम्म्यावर जात असेल, तर आम्ही दुर्बीण परत देतो आणि कारण समजावून सांगतो. तपासणीचे पैसे घेत नाही. दुर्बीण आजोबांची असेल आणि तुम्हाला ती जपायची असेल, तर हिशोब वेगळा. तसं सांगा, आम्ही जमेल ते करू. चष्मा असेल तर तो लावूनच पाहून घ्या. बऱ्याच जुन्या दुर्बिणींत डोळा भिंगाला अगदी टेकवावा लागतो, चष्म्यातून अर्धंच चित्र दिसतं, आणि हे दुरुस्तीने बदलत नाही.

ज्या दुर्बिणी चांगल्या निघतील त्या चामड्याच्या पेटीत ठेवू नका. चामडं ओल धरतं. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर कोरडे करून परत ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये हे दर पंधरवड्याला पाहावं लागतं. आणायची असेल तर दुर्बीण पुसू नका, टूथपेस्ट किंवा स्पिरिट लावू नका. धुळीसकट, आहे तशी आणा. ती कधी पडली होती, कुठे ठेवलेली होती, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.